कपाळाची बॅटरी

दुकानात पहिल्यांदा आलेलं गिऱ्हाईक बॅटरी हातात घेतली की हमखास एकच गोष्ट करायचं. बटण दाबून उजेड समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीवर मारायचं. तेही भर दुपारी. टाकीवर काही उमटायचं नाही, मग डोळे बारीक करून विचारायचं, “किती लांब जाते हो ही?”

“तुम्हाला कुठपर्यंत जायचंय?” मी विचारायची.

गिऱ्हाईक गोंधळायचं. कारण बहुतेकांना लांब कुठे जायचंच नसायचं. कुणाला माळ्यावरचा डबा काढायचा असायचा, कुणाला जिन्याखालचा मीटर बघायचा असायचा. माणसाला उजेड लागतो हाताच्या अंतरावर, आणि तो विकत मागतो टाकीपर्यंतचा. आमचा निम्मा धंदा या गैरसमजावर चालायचा, असं म्हटलं तरी चालेल.

मी सुमन. माहेर अंबरनाथचं, मोरिवलीतलं, आमच्या विहाराच्या मागच्या गल्लीतलं. लग्नानंतरही अंबरनाथातच राहिले, आणि नोकरी मात्र आयुष्यभर उल्हासनगरात केली, एका सिंधी शेठच्या बॅटरीच्या दुकानात. बॅटरी म्हणजे टॉर्च. आपल्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि तिच्या आत घालायच्या असतात त्यांना सेल. मी आधी मागच्या खोलीत बसून डाग लावायची, म्हणजे तारा, स्प्रिंगा, पत्र्याच्या पट्ट्या कथलाने जोडायची. मग शेठच्या लक्षात आलं की गिऱ्हाइकाशी भांडण न करता त्याचं मत बदलायची कला मला आहे. त्यांनी मला गल्ल्याशेजारच्या काउंटरवर आणलं.

शेठचं नाव लछमनदास. सगळे लछूशेठ म्हणायचे. पांढरा लेंगा-सदरा, खिशाला पेन आणि टेस्टर. संध्याकाळी दिवेलागणीला उदबत्ती लावून झाली की दुकानातल्या सगळ्या बॅटऱ्या एकेकदा पेटवून बघायची त्यांची पद्धत होती. आम्ही ट्यूबलाइट बंद करायचो. छतावर उजेडाची वर्तुळं उमटायची, मोठी, लहान, पिवळी, निळसर. एकमेकांत शिरायची, बाहेर यायची. खाली बाजारात रिक्षांचे भोंगे आणि पापडवाल्याचा गलका चाललेला असायचा आणि वर छतावर ही वर्तुळं सावकाश पोहत असायची. रोज बघूनही मला त्याचा कंटाळा आला नाही.

नवं शतक लागलं त्या सुमारास डोक्याच्या बॅटऱ्या आल्या. इलॅस्टिकचा पट्टा, पुढे दिवा, मागे सेलची डबी. शेठनी एक खोका मागवला आणि मग स्वतःच डोक्याला हात लावला. “साईं, ये तो खदान वालों का है. इधर कोयला किधर है?” आम्ही त्या खिळ्याला टांगून ठेवल्या. लोक हात लावून बघायचे, हसायचे. एक जण म्हणाला, “हे लावून मी काय इंजिन होऊन फिरू?” पट्ट्यांवर धूळ बसायला लागली.

पहिली विकली ती बाळारामला. बाळाराम सोनिवलीचा, उल्हास नदीच्या काठचा. पन्नाशी उलटलेला, काळासावळा, बोलायला गोड. तो एक पत्र्याची लांब बॅटरी दुरुस्तीला घेऊन आला. तिच्या मागच्या टोपणावर सगळीकडे खोलगट खड्डे होते.

“हे काय, कुत्र्याने चावली?” मी विचारलं.

“कुत्र्यान नाय, मीच,” तो म्हणाला. “काळोखान मासं धराला जातंव. दोनी हात तंगसात गुतलेलं. बत्ती धराची कशान? दातान. त्यात मासा लागला तरी बोंबलता येत नाय. तोंड उघरला का बत्ती पान्यात.”

तंगूस म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा. या माणसाचे पुढचे दोन दात बॅटरी धरून धरून हलायला लागले होते. मी खिळ्यावरून एक डोक्याची बॅटरी काढली, फुंकर मारली आणि त्याच्या कपाळाला बांधली. तो आरशात बघून लाजला. मग दोन्ही हात पुढे करून हवेतच गळाला गाठ मारून बघितली. म्हणाला, “अगो बाय, हात मोकलं झालं.”

आठवड्याभरात परत आला. मला वाटलं बिघडली.

“बत्ती बेस हाय, ताय,” तो म्हणाला. “पन मासं येत नाय.”

“का?”

“मी मान हालवली का उजेर पान्याव हालतो. मासा इचार करतो, यो कोन आला? न जातो पलून.”

तोपर्यंत मला वाटायचं, बॅटरी जितकी लख्ख तितकी चांगली. कपाळाच्या बॅटरीची गंमत अशी की आपण जिकडे बघू तिकडे ती बघते. आणि मासे धरणारा माणूस सारखा पाण्याकडेच बघतो. उथळ पाण्यावर पांढरा झोत पडला की मासे निघून जातात. शिवाय पांढऱ्या उजेडावर किडे येतात, ते थेट तोंडावर. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे दिवा बंद केल्यावर काळोखाला सरावलेले डोळे पुन्हा कोरे होतात, कितीतरी वेळ काही दिसत नाही. मी आकाशकंदिलाचा लाल जिलेटिन कागद गोल कापला, दुहेरी करून काचेमागे बसवला. वर सांगितलं, “गाठ मारायची तेव्हाच लाव. पाण्याकडे तोंड असेल तेव्हा बंद.”

पुढच्या वेळी तो आला तो पळसाच्या पानात गुंडाळलेली मरळ घेऊनच.

त्यानंतर मी या बॅटऱ्यांच्या मागेच लागले. घ्यायला आलेल्या माणसाला आधी डोक्याला बांधून स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघायला सांगायची. दिवा नाकावर घसरला तर ती त्याच्यासाठी नाही. मग जोरात मान हलवून “नाही, नाही” म्हणायला लावायची. सेलची डबी मागे असली की वजन तोललं जातं, सगळं पुढेच असलं की तासाभरात मान धरते. बटण मोठं हवं, कारण माशाच्या चिकट बोटांनी बारीक बटण सापडत नाही. लाल दिवा पहिल्या दाबाला लागला पाहिजे. काहींत आधी पांढरा लागतो आणि मग लाल, म्हणजे मासे आणि डोळे दोन्ही गेले. काउंटरखाली पाण्याची बादली ठेवलेली असायची. पेटवलेली बॅटरी मी गिऱ्हाइकासमोर तिच्यात बुडवायची. “अहो, अहो” करून लोक ओरडायचे. कडेच्या रबरी वॉशरला जरा व्हॅसलीन लावलं की ती बादलीच्या तळाशीही शांत जळत राहायची. आणि शेवटी डोळे मिटून सेल बदलून दाखवायला लावायची. सेल संपतात ते काळोखातच ना. यावर बरेच लोक चिडायचे, पण नंतर बदलापूरहून, कर्जतहून माणसं पाठवायचे ते हेच लोक.

मग भारनियमनाची वर्षं आली आणि खोकेच्या खोके संपायला लागले. संध्याकाळ झाली की वीज गेलीच. बदलापुरातल्या कात्रपच्या बायका डोक्याला दिवे बांधून पोळ्या लाटायच्या. डोंगरावर जाणारी पोरं यायची, केटरिंगवाले यायचे. एकदा एका लहानशा प्रसूतिगृहातली नर्सबाई पेढे घेऊन आली. बाळ बाहेर येत होतं, वीज गेली, जनरेटर बसला, आणि डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आमची बॅटरी होती. “बाळाने जगात आल्यावर पहिला तुमच्या दुकानाचा उजेड पाहिला,” असं ती म्हणाली. शेठनी पेढा कपाळाला लावला आणि मगच खाल्ला.

पण मला सांगायचंय ते शेठचं.

बाळारामच्या त्या मरळीचा वास दुकानभर पसरला होता. शेठ गल्ला सोडून आले. “ये किधर का है?”

“नदीचा,” मी म्हटलं. “सोनिवलीचा.”

त्यांनी पान उघडलं, माशाच्या अंगावरून बोट फिरवलं. मग त्या दुपारी त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं की फाळणीआधी, सिंधमध्ये, त्यांचे वडील त्यांना खांद्यावर बसवून नदीवर न्यायचे. ते अगदी लहान होते. वडील पाण्यात उभे राहायचे आणि यांच्या हातात कंदील द्यायचे. इकडे निर्वासितांच्या कॅम्पच्या बराकीत आल्यावर वडिलांनी पुन्हा कधी गळ हातात घेतला नाही. “नदी तो यहाँ भी थी,” शेठ म्हणाले, “पर बाबा बोलता था, ये अपनी पहचान वाली नहीं है.”

पुढच्या सुट्टीला शेठ बाळारामबरोबर नदीवर गेले. मग जातच राहिले. कधी सूर्य मावळल्यावर, कधी पहाटे. त्यांची जुनी मारुती व्हॅन होती. माझे मिस्टर अशोक, त्यांना कारखान्याची सुट्टी असेल तेव्हा ती चालवायचे. दुसऱ्या दिवशी शेठ दुकानात यायचे ते पाय जमिनीला लागत नसल्यासारखे. हिशेब करता करता थांबायचे आणि कुठेतरी बघत बसायचे. गिऱ्हाईक खोळंबलं तरी त्यांना ऐकू जायचं नाही.

फक्त बॅटरी त्यांच्या मनासारखी मिळेना. दुकानातली एकेक ते नदीवर नेऊन परत आणायचे.

“ये सिर्फ बीच में मारता है,” ते म्हणायचे. “मुझे फैला हुआ चाहिए. सब तरफ.”

मी पसरट काचेची दिली. नाही. मग काच पॉलिश पेपरने घासून दुधी केली. अशा काचेतून झोत फुटतो आणि उजेड चहूकडे मऊ पसरतो. माझ्या मते ती आमच्या दुकानात झालेली सर्वांत उत्तम बॅटरी होती. शेठनी तीही परत आणली. “किनारे पर अंधेरा है, बेटा.”

त्या संध्याकाळी ट्यूबलाइट बंद केली तेव्हा मी ती बॅटरी स्वतःच्या कपाळाला बांधली. दुकानाच्या मधोमध उभी राहिले. उजेड कपाटांवर होता, छतावर होता, माझ्या दोन्ही खांद्यांपर्यंत होता. कडेला अंधार कुठेच नव्हता.

मग मला एकेक गोष्ट आठवायला लागली. शेजारी ठेवलेला चहाचा ग्लास शेठच्या हाताने सांडायचा. बाजूने आलेल्या गिऱ्हाइकाला ते धडकायचे आणि मग “सॉरी साईं” म्हणून हसायचे. समोरचं बारीकातलं बारीक अक्षर मात्र चष्म्याशिवाय वाचायचे. मी बॅटरी कपाळावरून उतरवली. शेठ उदबत्तीसमोर हात जोडून उभे होते. त्यांना त्या वेळी काही विचारायचा मला धीर झाला नाही. विचारायचं कसं, याचाच विचार करत राहिले, आणि तेवढ्यात त्यांनीच मला नदीवर यायचं आमंत्रण दिलं.

“तू सबको बत्ती बाँधती है,” ते म्हणाले. “कभी देखा भी है, बत्ती किधर जाती है?”

जानेवारीतली पहाट होती. अशोक गाडी चालवत होते, मी मागे, शेठ पुढे शाल गुंडाळून. बदलापूर झोपलेलं होतं. सोनिवलीच्या पुढे गाडी लावली तिथे बाळाराम उभा होता. आम्ही गवतातून नदीकडे उतरायला लागलो आणि मी माझ्या कपाळाची बॅटरी लावली.

गवत चमकत होतं. हिरवट, निळसर, सुईच्या टोकाएवढे ठिपके, हजारो. मी मान वळवली की ते विझायचे आणि दुसरीकडे पेटायचे.

“केवढं दव पडलंय,” मी म्हटलं.

“दव नाय, ताय,” बाळाराम म्हणाला. “कोली हान. जाळी इनतात ते. त्यांचं डोलं.”

मी बॅटरी काढून कमरेपाशी धरली. सगळे डोळे मिटले. पुन्हा कपाळाला लावली, पुन्हा उघडले. कोळ्यांच्या डोळ्यांवर पडलेला उजेड आला त्याच वाटेने परत जातो, म्हणून दिवा आपल्या डोळ्यांच्या अगदी जवळ असला तरच तो दिसतो. इतकी वर्षं मी हा माल विकत होते आणि हे मला ठाऊक नव्हतं. मी त्या उतारावर उभीच राहिले. वर आकाशात तारे, खाली गवतात हे. मध्ये आम्ही चौघं, कपाळावर दिवे बांधून.

नदी दिसली नाही, फक्त ऐकू आली. बाळारामने शेठना पाण्याजवळच्या सपाट खडकावर बसवलं, लाल दिवा लावून गळाला कणकेचा गोळा लावून दिला. तो आणि अशोक जरा वरच्या अंगाला गेले. मी काठावर पोतं अंथरून बसले. थंडी होती, पण बोचरी नव्हती. मला वाटतं माझा डोळा लागला असावा. जागी झाले तेव्हा नदीवरून धुकं चढून आलं होतं. शेजारचं झुडूपसुद्धा दिसत नव्हतं.

“शेठ,” मी हाक मारली.

उत्तर नाही. मी पांढरा दिवा लावला आणि समोर भिंत उभी राहिली, चुन्याची असावी तशी. कपाळाच्या बॅटरीचा हा दोष मी गिऱ्हाइकांना सांगायची: धुक्यात ती डोळ्यांसमोरच उजळते, तेव्हा काढून खाली धरावी. मी खाली धरली. माझे पाय आणि थोडी वाळू दिसली. चाचपडत खडकापाशी गेले. खडक रिकामा होता.

मी ओरडले. अशोक आणि बाळाराम धावत आले. तिघांचे तिन्ही दिवे, आणि जिकडे वळवू तिकडे पांढरंच.

“बत्त्या इजवा,” बाळाराम म्हणाला.

“अरे, पण...”

“इजवा आदी.”

आम्ही विझवल्या. सगळं काळं झालं. मग काळ्याचं करडं झालं. मी श्वास धरून बघत होते. आणि डाव्या हाताला, खूप खाली, तांबूस डाग दिसला, पाण्यात कुंकू विरघळावं तसा. तो हलत होता. आपल्यापासून लांब जात होता.

“शेठ, हालू नका!” बाळाराम ओरडला.

“मैं तो किनारे पर जा रहा हूँ,” धुक्यातून शेठचा आवाज आला. अगदी शांत.

“त्या अंगाला काठ नाय. डोह हाय. हालू नका!”

डाग थांबला. बाळाराम दिवा न लावताच पाण्यात शिरला. त्याला तिथला खडक न् खडक पायाने माहीत होता, पण माणूस नेमका कुठे उभा आहे ते धुक्यात आवाजावरूनच कळणार होतं. तो म्हणाला, “त्यांना बोलतं ठेव, ताय.”

“शेठ, बोलत राहा,” मी ओरडून सांगितलं.

“क्या बोलूँ?”

मला पहिलं सुचलं ते दुकान. “दुकानात काय काय आहे ते सांगा.”

मग शेठ बोलायला लागले. “पेन्सिल सेल. बीच वाला सेल. बडा सेल. बल्ब ढाई वोल्ट. बल्ब पौने चार. होल्डर. स्प्रिंग. वॉशर छोटा, वॉशर बडा...” एकेक खण, एकेक फळी, वरून खाली, डावीकडून उजवीकडे. पाण्याने त्यांचे दात वाजत होते, तरी क्रम चुकला नाही. मी काठावर उभी राहून ऐकत होते, माझा हात अशोकच्या हातात. ते मागच्या खोलीच्या दारापर्यंत पोचले होते तेव्हा बाळारामचा आवाज आला, “धरलंव.”

काठावर आणून आम्ही त्यांना पोत्यावर बसवलं, त्यांची भिजलेली शाल काढून माझी गुंडाळली. बाळारामने काटक्या पेटवल्या. शेठ ज्वाळेकडे बघत म्हणाले, “कोहरा था ना, इसलिए.”

“शेठ,” मी म्हटलं, “धुकं आज आलंय. चहाचा ग्लास रोज सांडतो.”

झाडावर कुठेतरी एक पाखरू जागं झालं.

“कधीपासून?” मी विचारलं.

“सामने का सब है,” ते म्हणाले. “बाजू का चला गया. धीरे धीरे गया. मैं समझा, बत्ती कमजोर है.” मग माझ्याकडे पूर्ण मान वळवून बघितलं, तसं बघितल्याशिवाय मी त्यांना दिसतच नव्हते हे तेव्हा कळलं. “मुकेश को मत बोलना. मेरी नदी बंद कर देगा.”

मुकेश त्यांचा थोरला मुलगा. दुकान आता तोच बघायला लागला होता.

“मी नाही सांगणार,” मी म्हटलं. “तुम्ही सांगा.”

त्यांनी सांगितलं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे मुकेश आणि मी दोघंही त्यांच्याबरोबर गेलो. काचबिंदू निघाला. मोतीबिंदू असता तर काढला असता. काचबिंदूने नेलेलं परत येत नाही, थेंब घालून उरलेलं शक्य तितकं सांभाळायचं. डॉक्टर सांगत होते आणि शेठ टेबलावरची त्यांची छोटी पेनसारखी बॅटरी हातात घेऊन बघत होते. उठताना म्हणाले, “डॉक्टरसाब, इसका स्प्रिंग ढीला है. भेज देना.”

मुकेशने नदी बंद केली. त्याचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. त्याच्या जागी मी असते तर तेच केलं असतं. शेठनी वाद घातला नाही. रोज दुकानात येऊन मागच्या खोलीत बसायचे, बोटांनी चाचपून स्प्रिंगा बसवायचे. छतावरची वर्तुळं बघायला बाहेर येईनासे झाले. थेंब वेळेवर घालूनसुद्धा नजर आणखी आक्रसत गेली. पावसाळा गेला, दिवाळी गेली. ते कमी बोलायला लागले, मग फक्त विचारलं तर बोलायला लागले.

एक दिवस बाळाराम दुकानात आला. काउंटरवर दोन्ही हात ठेवून मुकेशसमोर उभा राहिला.

“शेठला नदीव पाठवा,” तो म्हणाला.

मुकेश माझ्याकडे बघायला लागला. मग त्याला म्हणाला, “अरे बाबा, वो डूबते डूबते बचे. तब तो थोडा दिखता था. अब तो वो भी नहीं.”

“म्हनून तर सांगतंव,” बाळाराम म्हणाला. “तवा त्यांना वाटत होतं का मना दिसतंय. म्हनून चालत गेलं. आता त्यांना ठाव हाय का दिसत नाय. आता ते जागेव बसतील. न मासा काय डोल्यान धरतात? मासा बोटान कळतो.”

मागच्या खोलीतला स्प्रिंगांचा आवाज थांबला होता. मुकेशने त्या दाराकडे बघितलं. शेवटी म्हणाला, “मी येणार बरोबर. आणि कमरेला दोरी बांधायची.”

आतून आवाज आला, “मैं बकरी हूँ क्या?”

पण त्या रविवारी संध्याकाळी त्यांनी निमूटपणे दोरी बांधून घेतली.

पुढे सगळं बदललं. मोबाइलमध्येच दिवा आला आणि बॅटरी विकत घ्यायचं लोकांना कारण उरलं नाही. मुकेशने दुकानात मोबाइलची कव्हरं आणि चार्जर ठेवले. मला ठेवून घेतलं, पण त्या मालाशी माझं काही जमलं नाही आणि मी घरी बसले. काचेवर पॉलिश पेपर घासताना येणारा तो बारीक आवाज मला अजून मधूनमधून हवासा वाटतो. बाळाराम आता नाही. शेठही नाहीत. मला त्या दोघांची आठवण येते तेव्हा डोळ्यांपुढे येते ती त्या रविवारची संध्याकाळ.

सूर्य नुकताच मावळला होता. पाणी तांब्याच्या रंगाचं होतं, मग जांभळं झालं, मग रंग कळेनासा झाला. शेठ काठावर घडीच्या खुर्चीत बसले होते, तंगूस तर्जनीवरून सोडलेला. मुकेश त्यांच्या मागे मांडी घालून बसला होता, दोरीचं दुसरं टोक मनगटाला गुंडाळून. त्याला नदीवर असं बसायची सवय नव्हती. सुरुवातीला दोन वेळा फोन काढून बघितला, मग ठेवून दिला. दिवा कुणीच लावला नव्हता. शेठना त्याची गरज नव्हती आणि आम्हालाही हळूहळू वाटेनाशी झाली. काळोख पायापासून वर चढत आला, गुडघ्यांपर्यंत, खांद्यांपर्यंत. मी अशोकला टेकून बसले होते आणि नदी वाहतेय की आपण वाहतोय ते कळत नव्हतं.

“आया,” शेठ हळूच म्हणाले.

त्यांचं बोट वाकलं. मग हात. खुर्ची पुढे सरकली, मुकेश “पापा, पापा” करत दोरी ओढायला लागला, आणि शेठ ओरडले, “मुझे मत खींच! मछली मुझे खींच रही है, तू भी खींचेगा तो मैं किधर जाऊँ?” बाळाराम हसत होता पण हात लावत नव्हता. शेठ तंगूस सोडत होते, घेत होते, सोडत होते. चेहरा वर आकाशाकडे, जसं काही ऐकत असावेत. मुकेश बुटांसकट पाण्यात उतरला आणि बाळारामने सांगितलं तसं दोन्ही हात खाली घालून मासा वर उचलला.

शेठनी हात पुढे केले. मुकेशने मासा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी अंगठा डोक्यापासून शेपटीपर्यंत फिरवला.

“रोहू,” ते म्हणाले. “सुमन, बत्ती लगा. सफेद वाली.”

मी लावली.

“बोल.”

“पाठ काळपट हिरवी आहे,” मी म्हटलं. “खाली रुपेरी होत जाते. खवले मोठे आहेत. आणि प्रत्येक खवल्याला कडेने तांबूस रेघ आहे, शेठ. नखावर मेंदी उतरत आली की राहते ना, तशी.”

“झूठ.”

“नाही. सगळ्या खवल्यांना आहे. डोळासुद्धा लालसर आहे.”

ते हसले. मासा तोंड उघडमिट करत होता. त्यांनी त्याच्यावर ओला हात ठेवला.

“और मुकेश?” ते म्हणाले. “उसका मुँह कैसा है अभी?”

मी मान वळवली. उजेड मुकेशवर पडला. तो गुडघ्यांपर्यंत भिजलेला, पाण्यातच उभा होता. दोरी अजून मनगटाला होती, हातांना खवले चिकटले होते. एवढा मोठा व्यापारी माणूस, तोंड उघडं ठेवून वडिलांकडे बघत होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. ते पुसायचं त्याला सुचलं नव्हतं.

“लहान मुलासारखं,” मी सांगितलं. “जत्रेत आल्यासारखं.”

शेठनी आवाजाच्या अंदाजाने मुकेशच्या दिशेने चेहरा वळवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

“हाँ,” ते म्हणाले. “देख लिया. अब बत्ती बुझा दे, बेटा.”